वाचनशिक्षण आणि डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचा मेंदू

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला पद्धतशीरपणे वाचायला शिकवले, की त्याच्या मेंदूचे कामकाज बदलू शकते, हे गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. शिक्षक, पालक आणि डॉक्टर या तिघांच्याही कामाची दिशा ठरवणारा हा निष्कर्ष आहे. त्याचा पुरावा काय, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि मराठी वर्गासाठी त्यातून काय घ्यायचे, हे क्रमाने पाहायला हवे.

बोलणे मूल घरात ऐकून शिकते. वाचनाचे तसे नाही. लिपीचे वय जेमतेम पाच हजार वर्षे आहे, त्यामुळे वाचनासाठी राखलेले केंद्र घेऊन कोणीच जन्माला येत नाही. डोळ्यांनी आकृती ओळखणारे आणि कानांनी ध्वनी ओळखणारे मेंदूचे भाग शिकवण्यातूनच एकमेकांना जोडले जातात. सराईत वाचकाच्या डाव्या मेंदूतील तीन भाग या कामात गुंतलेले असतात. कानाच्या वरचा व मागचा भाग अक्षरांचा ध्वनीशी मेळ घालतो. डोक्याच्या मागच्या बाजूला तळाशी असलेला भाग परिचित शब्द पाहताक्षणी ओळखतो. कपाळामागचा भाग उच्चाराची जुळणी करतो. फ्रान्समधील स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन यांनी शब्दाकृती ओळखणाऱ्या दुसऱ्या भागाचा विशेष अभ्यास केला आहे. देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली ब्राझील व पोर्तुगालमधील निरक्षर, प्रौढपणी साक्षर झालेल्या आणि लहानपणीच वाचायला शिकलेल्या व्यक्तींची तुलना केली. वाचनाची गती जितकी जास्त, तितका हा भाग लिखित शब्दांना अधिक प्रतिसाद देतो, असे त्यांना आढळले. देवनागरीबाबतचा पुरावा भारतातलाच आहे. उत्तर प्रदेशातील लखनौजवळच्या खेड्यांमधील निरक्षर प्रौढांना सहा महिने हिंदी वाचन शिकवल्यानंतर त्यांच्या मेंदूतील दृष्टीशी संबंधित केंद्रांचा आपसातील समन्वय वाढल्याचे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. साक्षरता प्रौढ मेंदूतही बदल घडवते, हे यावरून स्पष्ट होते.

डिस्लेक्सियात हीच जोडणी सहज होत नाही. इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी 1896 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. तो हुशार होता, त्याची नजर चांगली होती, तरीही त्याला वाचता येत नव्हते. आज बहुसंख्य संशोधक या अडचणीचे मूळ ध्वनिजाणिवेत शोधतात. बोललेला शब्द ध्वनींमध्ये सुटा करणे, ते ध्वनी ओळखणे आणि अक्षरांशी जुळवणे या मुलांना जड जाते. वाचताना त्यांच्या डाव्या मेंदूच्या मागच्या दोन भागांत कमी हालचाल दिसते. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांवर 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिन्ही भाषांच्या डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांमध्ये हीच खूण आढळली. मात्र इटालियनचे लेखन उच्चाराशी इमान राखणारे असल्याने इटालियन वाचकांच्या चुका कमी होत्या. डिस्लेक्सियाचा कौटुंबिक इतिहास असलेल्या मुलांमध्ये वाचन शिकण्याआधीच असा फरक दिसतो, हेही बोस्टनमधील संशोधनातून पुढे आले आहे. म्हणजे हा फरक केवळ कमी वाचल्याचा परिणाम नव्हे. त्याचे खापर आळसावर किंवा घरच्या दुर्लक्षावर फोडणे अन्यायाचे आहे.

शिकवण्याचा परिणाम तपासणारे चार अभ्यास विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला 2002 सालचा, अमेरिकेतील पानायोटिस सिमोस आणि सहकाऱ्यांचा. तीव्र डिस्लेक्सिया असलेल्या आठ मुलांना आठ आठवड्यांत सुमारे 80 तास ध्वनी-अक्षर संबंधांवर आधारित शिक्षण देण्यात आले. त्यांचे वाचन सुधारले आणि आधी जवळजवळ शांत असलेला डाव्या कानाच्या वरचा-मागचा भाग वाचताना काम करू लागला. दुसरा येल विद्यापीठातील सॅली व बेनेट शेविट्झ यांचा, 2004 सालचा. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना आठ महिने रोज 50 मिनिटे असे शिक्षण मिळाले. ते संपल्यानंतर वर्षाने पाहिले, तेव्हा शब्द झटकन ओळखणाऱ्या भागातील हालचालही वाढलेली होती.

तिसऱ्या अभ्यासाने मेंदूच्या रचनेकडे पाहिले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील टिमथी केलर आणि मार्सेल जस्ट यांनी 2009 साली वाचनात मागे असलेल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांचे श्वेतद्रव्य, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंचे जाळे, तपासले. 100 तासांच्या शिक्षणानंतर या जाळ्याच्या एका भागाची प्रत सुधारली होती. हे शिक्षण न मिळालेल्या मुलांमध्ये तो बदल झाला नाही. चौथा वॉशिंग्टन विद्यापीठातील एलिझाबेथ ह्यूबर, जेसन येटमन आणि सहकाऱ्यांचा, 2018 सालचा. वाचनाची अडचण असलेली 24 मुले आठ आठवडे, आठवड्यातील पाच दिवस, रोज चार तास शिकली. श्वेतद्रव्यातील बदल काही आठवड्यांतच दिसू लागले आणि वाचनातील सुधारणेबरोबर ते वाढत गेले.

या पुराव्याला मर्यादाही आहेत. बहुतेक अभ्यासांत मुलांची संख्या थोडी आहे आणि मेंदूतील बदल प्रत्येक अभ्यासात नेमक्या त्याच जागी आढळत नाहीत. काहींमध्ये डाव्या बाजूचे नेहमीचे मार्ग सावरतात, तर काहींमध्ये उजवा मेंदू भार उचलतो. फुमिको हेफ्ट यांच्या 2011 सालच्या अभ्यासात ज्या मुलांच्या उजव्या मेंदूतील कपाळामागचा भाग अधिक सक्रिय होता, त्यांनीच पुढील अडीच वर्षांत जास्त प्रगती केली. काही मुलांना चांगले शिकवूनही थोडाच लाभ होतो. ज्यांना होतो, त्यांचे वाचन अचूक झाले तरी वेग बराच काळ मागे राहतो. मेंदूच्या चित्रावरून एकेका मुलाचे निदान करण्याची वेळ अजून आलेली नाही. निदानाचा आधार आजही वाचन-लेखनाच्या चाचण्या हाच आहे.

परिणाम दिसला तो कोणत्याही शिकवणीचा नव्हे. या सर्व कार्यक्रमांत ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध उघड करून सांगितला जातो. सोप्याकडून कठीणाकडे क्रम ठरलेला असतो, शिकलेले पक्के झाल्याशिवाय पुढची पायरी येत नाही, मुले थोडी असतात आणि सराव रोजचा असतो. या परंपरेची पायाभरणी अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केली. चित्रावरून किंवा संदर्भावरून शब्दाचा अंदाज बांधायला शिकवल्याने ही जोडणी पक्की होत नाही. वेळही महत्त्वाची आहे. पहिली-दुसरीत दिलेल्या मदतीचा लाभ तिसरीत दिलेल्या मदतीपेक्षा जास्त मिळतो.

मराठी मुलापुढील काम इटालियन मुलापेक्षा वेगळे आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ असले, तरी चिन्हांची संख्या मोठी आहे आणि त्यांची मांडणी नेहमी उच्चाराच्या क्रमाने होत नाही. ‘कि’ मध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’ मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात तो आधी येतो. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतल्या ‘च’चा उच्चार एक नाही. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांची रूपे जवळची आहेत. म्हणून बाराखडी तालात पाठ होणे पुरेसे नाही. ‘क’ला काना जोडला की कोणता ध्वनी बदलतो, जोडाक्षरात कोणते दोन ध्वनी आहेत, हे मुलाने तोंडाने सुटे करून दाखवायला, वाचायला आणि लिहायला हवे. हे उघडपणे शिकवण्याचा लाभ वर्गातल्या प्रत्येक मुलाला होतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला त्याशिवाय पर्याय नसतो.

निदानाची साधने आता भारतीय भाषांतही आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणीमाला हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही उपलब्ध आहे. मुंबईत 1996 साली स्थापन झालेली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन या क्षेत्रात काम करते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला आहे. परीक्षेतील जादा वेळ किंवा लेखनिक हा या मुलांचा हक्क आहे आणि तो मिळालाच पाहिजे. पण सवलतीने गुणपत्रिकेतला अन्याय टळतो; वाचन येते ते शिकवल्यानेच. दहावीच्या तोंडावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा पहिलीत रोज मिळणारा तासभर वेळ अधिक मोलाचा आहे. शिक्षक-प्रशिक्षण संस्थांनी ध्वनिजाणिवेचे शिक्षण अभ्यासक्रमात आणावे, शाळांनी पहिलीतच मुलांची वाचन-चाचणी घ्यावी आणि मागे पडणाऱ्या मुलांच्या लहान गटाला रोज शिकवण्याची व्यवस्था शासनाने करावी, अशी आपली मागणी असली पाहिजे.