बहुजन म्हणजे नेमके कोण?

चंदनसार-विरार भागातल्या माणसाला ‘बहुजन’ हा शब्द कोशात शोधावा लागत नाही. इथे तो पक्षाच्या नावातच आहे. वसई विकास आघाडीची पुढे बहुजन विकास आघाडी झाली आणि २००९ साली याच नावावर बळीराम जाधव पालघरमधून लोकसभेत गेले. ‘वसई’ म्हटलं की हद्द ठरलेली असते. ‘बहुजन’ म्हटलं की ती ज्याने त्याने आखायची. त्यात आगरी, भंडारी, कुपारी, आदिवासी येतात. पण गेल्या दोन पिढ्यांत चाळींत आणि टॉवरांत येऊन राहिलेला उत्तर भारतीय येतो का? प्रचारसभेत हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे भांडण होतं ते नावातल्या ‘विकास’वर, आणि पाण्याचा टँकर वेळेवर न येणाऱ्या भागात ते रास्तच आहे.

शब्द मात्र जुना आहे. १९२० साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी ‘बहुजन पक्षा’चा जाहीरनामा काढला. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. शिंदे जातीने मराठा. राखीव जागेवर उभे राहते तर वाट सोपी होती. जातवार जागा त्यांना मान्य नव्हत्या. ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. त्यांच्या बहुजनांत शेतकरी होते, मजूर होते, अस्पृश्य होते, स्त्रियाही होत्या. विद्या आणि पैसा या दोन्हींत मागे राहिलेले सगळे. शेजारीच ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती. माणसं बरीचशी तीच. पण तिथली ओळख आपण कोण नाही यावर ठरत होती. माझं मत विचाराल तर शिंद्यांची मोजणी अधिक प्रामाणिक होती. मतपेटीत ती चालली नाही, एवढंच.

पुढे केशवराव जेधे ब्राह्मणेतर पक्षातून काँग्रेसमध्ये आले, आणि तिथून शेतकरी कामगार पक्षात गेले. या काळात ‘बहुजन समाज’ म्हटलं की डोळ्यांपुढे मुख्यतः मराठा-कुणबी शेतकरी उभा राहू लागला. आणि ज्या पुण्यात जेध्यांचं राजकारण घडलं, तिथेच सरकारी नोकरी करणाऱ्या कांशीराम यांनी तो शब्द पुन्हा उलगडला. १९७८ साली बामसेफ ही कर्मचाऱ्यांची संघटना, १९८४ साली बहुजन समाज पक्ष. त्यांच्या हिशेबात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि धार्मिक अल्पसंख्याक. जेध्यांच्या बहुजनांचा कणा असलेला मराठा इथे दाराबाहेर! आज मराठा आणि ओबीसी आरक्षणावरून गावागावांत जी रस्सीखेच चालली आहे, तिच्या बुडाशी हाही न मिटलेला हिशेब आहे.

‘दलित’ शब्दाची कथा याहून बोचरी. १९७२ साली दलित पँथर ही संघटना उभी राहिली आणि पुढच्याच वर्षीच्या जाहीरनाम्यात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी, स्त्रिया यांना तिने दलित म्हटलं. व्याख्या मोठी झाली आणि संघटना फुटली. तिचे नेते नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्या वादात इतरही कारणं होती, पण दलित म्हणजे वर्ग की बौद्ध धम्माकडे निघालेला समाज, हा प्रश्न त्यात होताच. २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने वृत्तवाहिन्यांना हा शब्द टाळण्याचा सल्ला दिला. ज्यांनी तो छातीवर मिरवला त्यांना हे कसं वाटलं असेल? काहींना बरंही वाटलं. त्यांना आधीपासून ‘बौद्ध’ हवं होतं.

शब्द तोच राहतो, त्यातली माणसं बदलतात. म्हणून इथल्या तरुण लेखकांकडे माझी एक मागणी आहे. निवडणूक सरली की भिंतींवर चुना फिरतो आणि पत्रकं रद्दीत जातात. ती गोळा करा. प्रत्येकावर साल, प्रभाग आणि वाटणाऱ्या पक्षाचं नाव लिहून ठेवा, आणि ‘बहुजन’, ‘भूमिपुत्र’, ‘स्थानिक’ या शब्दांखाली त्या वर्षी कोणाकोणाला धरलं होतं तेही नोंदवा. सुरुवात महानगरपालिकेच्या पुढच्या निवडणुकीपासून करता येईल; जागेचा प्रश्न आला तर गावातल्या वाचनालयातलं एक कपाट पुरेल.