चौथ्या संधीचा माणूस



खेळाबद्दल बोला, असं तुमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा प्रतिनिधीने मला सांगितलं. सचिनबद्दल, आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलंय. मी आज अमेरिकन फुटबॉलमधल्या पंटरबद्दल बोलणार आहे.

हा खेळ आपल्या पुण्याला अगदीच परका नाही बरं का. 2012 मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली, तेव्हा तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता आणि पहिल्या हंगामाचं विजेतेपद त्यानेच पटकावलं. लीग पुढे रुजली नाही, पण खेळ मात्र माझ्या डोक्यात बसला.

त्यात संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की चौथ्याला बहुतेक वेळा पंटर आत येतो. बाकीच्यांचं काही चालेनासं झालं की याचं काम सुरू! साधारण पंधरा यार्ड मागे उभं राहायचं, सहकाऱ्याने पायांमधून भिरकावलेला चेंडू झेलायचा, हातात नीट फिरवून घ्यायचा आणि उंच टोलवायचा. हे सगळं जेमतेम दोन सेकंदांत, आणि समोरून धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना.

आपण त्याच्या पायाकडे बघतो, पण खरी परीक्षा हाताची असते. चेंडू हातातून अलगद, सरळ सुटला पाहिजे. त्याचं टोक जरा कललं तरी किक भलतीकडे जाते. म्हणून किक न मारता नुसता चेंडू सोडण्याचा सराव ही मंडळी वर्षानुवर्षं करतात. आणि नुसतं लांब मारून भागत नाही. चेंडू साडेचार सेकंद हवेत राहिला, तर तोवर आपले साथीदार खाली पोचतात. सपाट गेला, तर समोरचा तो झेलून सुसाट उलटा येतो.

रे गाय नावाच्या पंटरला 1973 मध्ये ओकलंडच्या रेडर्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, म्हणजे ड्राफ्टच्या, पहिल्याच फेरीत घेतलं. नुसत्या किकसाठी एवढी मोठी निवड? अनेकांना ते पटलं नाही. त्या संघासोबत त्याने तीन सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगचे अंतिम सामने, जिंकले. तरीही या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली ती 2014 मध्ये, निवृत्तीनंतर पाव शतकाहून अधिक काळाने. पंटर म्हणून तिथे पोचलेला तो पहिला. मला हा उशीर आजही खटकतो.

जेफ फीगल्सला तर महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर कुठल्याच संघाने निवडीत घेतलं नव्हतं. तो 1988 ते 2009 असे बावीस हंगाम खेळला, सलग 352 सामने, एकही न चुकवता! त्याची खासियत म्हणजे चेंडू नेमका कोपऱ्यात, सीमारेषेबाहेर घालवणं, म्हणजे समोरच्याला तो उचलून पळताच येत नाही. सुपर बोल त्याने जिंकला विसाव्या हंगामात, वयाच्या 41व्या वर्षी.

आणि डॅरेन बेनेट. हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणारा. मधुचंद्राला अमेरिकेत गेला आणि तिथे सॅन दिएगोच्या संघाकडे जाऊन चाचणी देऊन आला. 1995 पासून तो त्यांचा पंटर झाला. त्याच्या देशातली किक वेगळी असते: चेंडू उलट्या गोलांट्या घेत जातो आणि टप्पा पडल्यावर पुढे पळण्याऐवजी जागीच उसळतो किंवा मागे येतो. आज कितीतरी अमेरिकन पंटर ती किक शिकतात. आपल्याकडच्या खेळात जे सहज येतं, त्याची दुसरीकडे केवढी किंमत असते बघा.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक अशा रंगमंचावरच्या स्पर्धा करता. विंगेत उभं राहून नेमक्या क्षणी दिवे बदलणारी मुलगी, अंधारात सेट हलवणारा मुलगा, हे माझ्या लेखी पंटरच आहेत. त्यांचं काम चुकलं तरच ते दिसतं. एक दिवस त्यांच्यासारखं काम करून बघा, म्हणजे कळेल, हाताला किती सवय असावी लागते ती.

प्राचार्य सर, आजच्या पारितोषिकांची यादी माझ्यासमोर आहे. तिच्यात नेपथ्य, प्रकाशयोजना आणि मैदान आखणाऱ्यांची नावं शेवटच्या पानावर आहेत. माझी विनंती आहे, आज ती आधी पुकारावीत आणि त्या सगळ्यांना मंचावर बोलवावं. ती बक्षिसं मला माझ्या हातांनी द्यायची आहेत. चला, पहिलं नाव घ्या.