लाल रंगाखालची पिवळी गाडी



आज एका जुन्या गाडीची गोष्ट सांगणार आहे, आणि गोष्टीबरोबर थोडी कामाची माहितीही. आपल्यापैकी काहींनी निवृत्तीनंतर हौसेनं जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतलीय. काहींच्या घरी वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतलेली गाडी अजून गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. दर उन्हाळ्यात मला कोणीतरी विचारतंच, "अहो, हिचा इतिहास कसा शोधायचा?" मी जे शिकलो ते सांगतो. माझं जिथे चुकलं तेही सांगतो.

माझी गाडी म्हणजे १९६७ सालची एमजीबी. दोन जणांची, उघड्या टपाची, लाल रंगाची. न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून तीन तासांवर, पेनसिल्व्हेनियातल्या एका धान्याच्या कोठारात ती मला मिळाली. विकणाऱ्यालाही ती दुसऱ्या कोणाकडूनच मिळालेली, त्यामुळे त्याला फारसं काही ठाऊक नव्हतं.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. नाव ऑक्सफर्डच्या एका गॅरेजचं, पण एमजीबी तयार होत होती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात, १९६२ ते १९८० या काळात. तिचे भाऊबंद धरले तर पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या आणि त्यांतल्या पुष्कळ जहाजानं इकडे अमेरिकेत आल्या. म्हणून आजही आपल्याला अशी गाडी कुठल्याही गावात भेटू शकते.

आता इतिहास शोधायचा कसा? सुरुवात गाडीपासूनच करा. बॉनेट उघडा, म्हणजे इथल्या भाषेत हूड. साठच्या दशकातल्या गाडीत आत एका पत्र्याच्या पट्टीवर गाडीचा क्रमांक असतो. माझ्या गाडीचा क्रमांक जी, एच, एन, तीन, एल असा सुरू होतो. जी म्हणजे एमजी. एच म्हणजे इंजिनाच्या आकाराचा गट. एन म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी. तीन हा मालिकेचा आकडा. आणि एल म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, अर्थात गाडी परदेशी पाठवण्यासाठीच बनवलेली. हा क्रमांक तुमच्या टायटलवरच्या क्रमांकाशी एकेक आकडा लावून बघा. जुन्या टायटलवर आकड्यांची अदलाबदल झालेली असते, आणि काही राज्यांत तर पूर्वी इंजिनाचाच क्रमांक गाडीचा म्हणून नोंदवत. हा घोळ गाडी घेण्याआधी कळलेला बरा.

मग इंजिन बघा. ब्लॉकच्या उजव्या अंगाला छोट्या पट्टीवर क्रमांक असतो. १९६७ च्या एमजीबीचं मूळ इंजिन १८ जीबी असं सुरू व्हायला हवं. माझं निघालं १८ व्ही. ही अक्षरं सत्तरच्या दशकातली. म्हणजे इंजिन केव्हातरी बदललेलं. त्या दिवशी मी चांगलाच खट्टू झालो होतो.

गाडीच्या अंगावरही वयाच्या खुणा असतात. दाराचं हँडल ओढायचं असेल तर गाडी १९६५ च्या वसंतापूर्वीची. अमेरिकेसाठीच्या गाडीत गुबगुबीत गादीसारखा डॅशबोर्ड असेल तर ती १९६८ च्या सुरक्षा नियमांनंतरची. काळे रबरी बंपर असतील तर १९७४ च्या सप्टेंबरनंतरची. पण नुसत्या खुणांवर विसंबू नका, कारण या गाड्यांचे भाग एकमेकींना सहज बसतात. इतकंच काय, १९८८ पासून इंग्लंडमध्ये एमजीबीचा अख्खा सांगाडा जुन्याच साच्यांवर नव्यानं बनू लागला. तेव्हा क्रमांक साठच्या दशकातला आणि पत्रा नव्वदच्या दशकातला, असंही असू शकतं.

यानंतर कागद मागवायचा. इंग्लंडमध्ये वॉरिकशायरमध्ये गेडन इथं ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. कारखान्याच्या उत्पादन-नोंदवह्या तिथे जपून ठेवलेल्या आहेत. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली अशा गाड्यांसाठी पैसे भरून तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. जॅग्वार असेल तर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे जायचं. अर्ज करताना क्रमांकाच्या पट्टीचा फोटो आणि मालकीचा कागद हाताशी ठेवा.

माझं सर्टिफिकेट आलं तेव्हा मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं. गाडी बनली फेब्रुवारी १९६७ मध्ये. रवानगी उत्तर अमेरिकेला. सायकलसारखे आरे असलेली चाकं, हीटर, घडीचं टप. आणि रंग? पेल प्रिमरोज. म्हणजे फिकट पिवळा, सायीत चिमूटभर हळद घातल्यासारखा.

गाडी तर लाल! मी बॅटरी घेऊन गॅरेजमध्ये गेलो, सीटमागचा गालिचा उचलला, तर खाली खरंच पिवळा पत्रा. मी लगेच ठरवलं की गाडी पुन्हा पिवळी करायची. रंगाऱ्याची तारीख घेतली, आगाऊ पैसेही दिले.

मंडळी, आपल्याकडे नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, ठाऊक असेल. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यांत सापडतात. आजोबा अमुक साली आले होते, सोबत कोण होतं, हे कळतं. पण आजोबा हसायचे कसे, घर सोडून मुंबईला का आले, हे त्या वहीत नसतं. ते आजीला विचारावं लागतं, आणि आजी असेपर्यंतच विचारावं लागतं. कारखान्याची वही तशीच. ती गाडीचा जन्म सांगते. पुढचं आयुष्य माणसंच सांगतात.

माणसं शोधणं इथे सोपं नाही. १९९४ च्या केंद्रीय कायद्यामुळे मोटार-वाहन खातं जुन्या मालकाचं नाव-पत्ता सहसा तुम्हाला देत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून पुन्हा गाडीकडेच वळायचं. धुण्यापुसण्याआधी सगळं बघून घ्या. सीटखाली, डिकीत, मॅन्युअलच्या पानांत. विक्रेत्याची छोटी पट्टी, पार्किंगचा परवाना, पेट्रोलची पावती. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचं एक अर्धवट फाटलेलं स्टिकर होतं. त्यावर एका गावातल्या सर्व्हिस स्टेशनचं नाव आणि १९७४ साल.

ते सर्व्हिस स्टेशन केव्हाच बंद पडलेलं. मी गावच्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या बाईंनी जुन्या डिरेक्टऱ्या काढून दिल्या. सर्व्हिस स्टेशनच्या मालकाचा मुलगा त्याच गावात राहत होता, सत्तरीचा. फोटो बघताच म्हणाला, "हिचं इंजिन माझ्या वडिलांनी आणि मी बदललं. अपघातात गेलेल्या दुसऱ्या एमजीचं बसवलं. मालकाकडे नव्यासाठी पैसे नव्हते आणि गाडी विकायची त्याची तयारी नव्हती." ज्या इंजिनावरून मी खट्टू झालो होतो, त्याची ही हकिकत.

मालकाचा ठावठिकाणा मात्र त्यानं दिला नाही. माझी चिठ्ठी त्यांच्या घरी पोचवतो म्हणाला. तुम्हीही असंच करा. अनोळखी माणसाच्या दारात जाऊन उभं राहू नका. पत्र लिहा, गाडीचा फोटो जोडा, उत्तर द्यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा.

पाच आठवड्यांनी फोन आला. पहिल्या मालकाची मुलगी बोलत होती. वडील आठ महिन्यांपूर्वी गेले होते. वय शहाऐंशी.

आता माझी चूक सांगतो. ते स्टिकर मी गाडी आणली त्याच आठवड्यात पाहिलं होतं. पण आधी ब्रेक, मग टप, मग सर्टिफिकेट, असं करत चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत ते तीन तासांवर राहत होते.

बाई एका रविवारी आल्या. सोबत १९६८ सालचा फोटो, बर्फात उभी पिवळी गाडी. त्या गाडीभोवती फिरल्या आणि डाव्या दाराशी थांबल्या. त्या दाराच्या पत्र्यावर उन्हात एक हलकी लाट दिसते. पुट्टी भरून घासलेली, जरा ओबडधोबड. माझ्या रंगाऱ्यानं ती पहिल्याच दिवशी दाखवली होती, दुरुस्तीच्या यादीत सगळ्यात वर.

"हे माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "मी सतरा वर्षांची होते. वडील शिकवत होते. मी खांबाला दार घासलं. ते ओरडले नाहीत. दार स्वतः ठोकून सरळ केलं, पण त्या पिवळ्याशी जुळणारा रंग काही मिळेना. मग म्हणाले, चल, सगळीच लाल करू. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मिळून घासली." त्यांनी हात त्या लाटेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्या गेल्यावर मी रंगाऱ्याला फोन करून तारीख रद्द केली. आगाऊ दिलेले पैसे गेले, पण त्याचं काही वाटलं नाही.

तुमच्या गाडीला मूळ रंग द्यायचाच नाही, असं मी म्हणत नाही. जरूर द्या. पण कारखान्याच्या कागदाशी न जुळणारी प्रत्येक गोष्ट चूकच असते, असं धरून चालू नका. आधी विचारा की हे कोणी केलं आणि का केलं. आणि क्रम लक्षात ठेवा. गेडनच्या वह्या पुढच्या वर्षीही जागेवर असतील, माणसांचं तसं सांगता येत नाही. म्हणून कागदाचा अर्ज आणि माणसाला पत्र एकाच दिवशी धाडा.

जाता जाता एक छोटं काम देतो. गाडी एमजी असो नाहीतर साधी टोयोटा, या देशात आल्यावर तुमच्या घरात आलेल्या पहिल्या गाडीची माहिती या शनिवारी आईवडिलांना विचारा. कुठे घेतली, कितीला घेतली, पहिल्यांदा कुठे गेलात, धक्का कोणी मारला. कागदावर लिहा, फोटो जोडा, फाईलला लावा. पुढे कोणीतरी शोधत येईल, तेव्हा त्याला उशीर झालेला नसेल.

माझ्या फाईलमध्ये आता सर्टिफिकेटच्या मागे तो बर्फातला फोटो आहे. गाडी लालच आहे. दारावरची लाटही तशीच आहे.

पुन्हा भेटू. नमस्कार.