इंजिन केवढं असावं?

जुनी छोटी गाडी हौसेनं घ्यावी, असं ज्यांच्या मनात घोळतंय त्यांच्याशी आज बोलायचं आहे. गाडी आवडते ती रूपावरून. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, पातळ स्टिअरिंग पाहिलं की माणूस हरखतो. पण घरी आणल्यावर संसार करायचा असतो तो इंजिनाशी. एकाच रूपाच्या गाडीत तीन-चार वेगवेगळ्या आकारांची इंजिनं आली असतील, तर कोणतं घ्यावं, हा प्रश्न रंगापेक्षा महत्त्वाचा आहे.

उदाहरण म्हणून मॉरिस मायनर घेऊ. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनं हीच गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून बांधली होती, त्यामुळे ती आपल्याला अगदी परकी नाही. अलेक इसिगोनिस यांनी रेखाटलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. सोळा लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. एवढ्या काळात रूप फारसं बदललं नाही, इंजिन मात्र चार वेळा वेगळं आलं.

पहिलं ९१८ सीसीचं. ते जुन्या मॉरिस एट गाडीकडून वारशानं आलेलं. इंग्लंडात त्या काळापर्यंत मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर ठरत असे. म्हणून कारखानदार अरुंद सिलिंडर आणि लांब स्ट्रोक ठेवत. याचे व्हॉल्व्ह बाजूला बसवलेले. ताकद जेमतेम साडेसत्तावीस अश्वशक्ती. साधं, सोशीक इंजिन, पण दम कमी.

१९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्या एकत्र आल्या आणि मायनरला ऑस्टिनचं ८०३ सीसीचं इंजिन मिळालं. आकार कमी, तरी ताकद तीस अश्वशक्ती, कारण व्हॉल्व्ह आता वरच्या बाजूला गेले आणि इंजिनाला श्वास मोकळा मिळाला. मात्र गाडी ओढता यावी म्हणून मागच्या ॲक्सलचं गिअरिंग खाली आणलं. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर हे इंजिन सारखं ओरडत राहतं.

१९५६ मध्ये ९४८ सीसी आणि ३७ अश्वशक्तीचं इंजिन आलं. दुभंगलेली पुढची काच जाऊन अखंड काच आली ती याच वेळी. शेवटचं १९६२ चं १०९८ सीसी, ४८ अश्वशक्तीचं. म्हणजे पहिल्या गाडीच्या मानानं ताकद जवळजवळ पावणेदोन पट. पहिल्या दोन गाड्या ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास थकतात, शेवटची सव्वाशेच्या जवळ जाते.

हे ऐकून कुणीही म्हणेल, मग मोठंच घ्यावं. माझा भाचाही तेच म्हणाला, ‘मामू, पैसे तेवढेच मोजायचे तर लहान कशाला?’ मी त्याला उलट विचारलं, ‘गाडी नेणार कुठे?’ रविवारी सकाळी गावात एक फेरी मारायची असेल, तर ९१८ सुद्धा पुरे. त्याची संथ घरघर ऐकायलाच लोक ती गाडी घेतात. पण चार माणसं बसवून कात्रज किंवा खंबाटकी चढायचा असेल, तर लहान इंजिन दुसऱ्या गिअरमध्येच अडकतं, तापतं, आणि मागे ट्रकांची रांग लागते. तिथे १०९८ चा लांब स्ट्रोक कामी येतो. ते कमी फेऱ्यांवर जोर लावतं, आणि टॉप गिअरही उंच असल्यानं हमरस्त्यावर निवांत चालतं. ९४८ या दोहोंच्या मधलं. अंगानं हलकं, फिरायला गोड. रोजचा घाट नसेल, तर माझी पसंती त्याला.

आता ब्रेकबद्दल. ही गोष्ट बरेच जण विसरतात. मायनरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. १०९८ आलं तेव्हा कारखान्यानं पुढचे ड्रम सात इंचांवरून आठ इंचांचे केले. ताकद वाढली तर थांबण्याची सोयही वाढली पाहिजे, एवढा त्याचा साधा अर्थ. इंग्लंडात हौशी लोक याच गाडीत १२७५ सीसीचं इंजिन बसवतात. बॉनेटखाली जागा ऐसपैस असल्यानं ते मावतंही. पण जाणते लोक त्यासोबत पुढे डिस्क ब्रेक लावून घेतात. नुसतं इंजिन वाढवून जुनेच ब्रेक ठेवलेली गाडी कुणी दाखवली, तर ती कितीही चकचकीत असो, नमस्कार करून परत या.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा आहे, कागदांचा. पूर्वी मूळ इंजिन बसलं की मिळेल ते बसवून गाडी चालती करत. कित्येक जुन्या गाड्यांत डिझेलची इंजिनं गेली. आता इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते आणि आरसी बुकावर नोंद लागते. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. ती मिळते मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. मायनर तर शेवटची सुद्धा आता पन्नाशीपलीकडे गेली. म्हणजे व्हिंटेज म्हणून जपायची की घाटातून फिरवायची, हे आधी ठरवावं लागतं. जपायची असेल तर तिच्यात जन्मापासून जे इंजिन आहे तेच मोलाचं, मग ते ८०३ चं का असेना.

पाहायला जाल तेव्हा बॅटरी घेऊन इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. मालकाला सांगा, इंजिन आधीपासून तापवून ठेवू नका. थंड इंजिन सुरू करा आणि मागे निळा धूर येतो का, ते पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चढावर जोर देताना खालून ठकठक ऐकू आली, तर बेअरिंगचा खर्च आलाच. हेड उघडण्याची वेळ आली, तर त्यात कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० सालीच बंद झालं, आणि या इंजिनांच्या सीटना त्या शिशाचाच आधार होता. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलचे पाइपही नवे घाला.

एक खरं सांगतो. दमलेल्या १०९८ पेक्षा नीट सांभाळलेलं ९४८ कधीही चांगलं. सीसीचा आकडा कागदावर असतो, गाडीची तब्येत कानाला कळते. तेव्हा जुन्या गाड्यांवर हात बसलेला एखादा मेस्त्री सोबत न्या, त्याला गाडी चालवू द्या, आपण शेजारी गप्प बसून ऐका. पैशाची बोलणी त्यानंतर.