तापलेल्या धातूची सहनशक्ती



माझे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. हा गृहस्थ धातूंवर बोलायला का उभा राहिला, असे कुणाला वाटेल. त्याचे कारण शेवटी सांगेन.

विजेच्या शेगडीतली लालबुंद तार आपण सर्वांनी पाहिली आहे. तीत सुमारे ८० भाग निकेल आणि २० भाग क्रोमियम असते. अमेरिकेत आल्बर्ट मार्श याने १९०६ साली त्या मिश्रणाचे पेटंट घेतले. तार रोज तापते, पण जळून जात नाही; क्रोमियमच्या गंजाचा पातळ थरच तिला हवेपासून जपतो. मात्र तिच्यावर भार टाका, की ती लांबू लागते.

जेट इंजिनातल्या पात्याला हे परवडत नाही. ते तापून लाल होते आणि मिनिटाला हजारो फेरे घेते. त्या ओढीने ते केसाकेसाने लांबते, आणि अखेर तुटते. इंग्लंडात फ्रँक व्हिटल यांच्या इंजिनावर १५ मे १९४१ रोजी विमान उडाले, तेव्हा त्याची पाती पोलादाची होती. त्याच सुमारास तिथल्या संशोधकांनी शेगडीच्याच मिश्रणात थोडे टिटॅनियम आणि ॲल्युमिनियम घातले. त्यांचा निकेलशी संयोग होऊन धातूच्या पोटात अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि ते आतले थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. हाच तो ‘निमोनिक ८०’.

जर्मनीत निकेलचा दुष्काळ होता. तिथल्या युमो ००४ इंजिनाचे आयुष्य अवघे २५ तासांच्या आसपास. आणि ती इंजिने कोनश्टाइन डोंगराच्या बोगद्यांत सक्तीने आणलेल्या मजुरांकडूनही करवून घेतली गेली.

आता कारण सांगतो. अशा धातूची परीक्षा घेताना सळई भट्टीत ठेवून तिला भार देतात आणि शेकडो तास तिची लांबी मोजत राहतात. किती ताणली, यावरून पाते केव्हा बदलायचे ते ठरते. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने एकाच स्फटिकाची ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी दिल्याचे २०२१ साली जाहीर झाले. मला अभिमान वाटला. पण भट्टीपुढे माणूसही उभा असतो. त्याचा ताण कोण मोजतो? १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, तीही मागितल्यावाचून मिळाली नव्हती.

धातूला तोंड नाही, म्हणून आपण त्याच्याशेजारी मोजमाप ठेवले. कामगाराला तोंड आहे. पण तो ओरडेपर्यंत मोजायचेच नाही, हा न्याय नव्हे.