कोयता उचलण्याआधी


दसरा सरला की आपल्या लिंबागणेश भागातली कितीतरी जोडपी ऊसतोडीला निघतात. थोरलं लेकरू आजीपाशी, नाहीतर शेजारच्या काकूंपाशी. धाकटं फडात, पाचटावर. त्यात पुन्हा दिवस गेले, तर मोळी वाहणाऱ्या बाईचे किती हाल होतात, ते तुम्हीच जाणता.

म्हणून निघण्याआधी दोघेही सरकारी दवाखान्यात या. तांबी बसवा, लेकरू हवं तेव्हा काढता येते. अंतरा इंजेक्शन दर ३ महिन्यांनी लागते, तेव्हा पुढची तारीख फडावर पडेल हे ध्यानात ठेवा.

पाळी नको, पाळणा नको म्हणून गर्भपिशवी मात्र काढू नका. ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ साली आपल्या जिल्ह्यात सरकारी चौकशी झाली.

आणि दादा, दोन लेकरं पुरे वाटत असतील तर नसबंदी तुम्ही करा. बिनटाक्याची असते, ताकद जात नाही. फक्त पुढचे ३ महिने निरोध वापरा.