औषध : शब्दाचा अर्थ आणि त्याचे पथ्य

(महोत्सवी समारंभातील भाषण)



धर्मादाय कार्य म्हटले की अन्नदान, विद्यादान आणि औषधदान ही नावे सहज ओठी येतात. त्यांतील औषध या शब्दाविषयी थोडे बोलण्याची अनुज्ञा घेतो.

‘औषध’ हा शब्द ‘ओषधि’पासून झाला. फळ पिकले की जी वनस्पती वाळून जाते ती ओषधि, असा अर्थ अमरकोशात दिला आहे. त्या अर्थाने आपली ज्वारी आणि गहूदेखील ओषधीच. शेतात, रानात उभी असते ती ओषधि. तिच्यापासून तयार करून रोग्याला देतात ते औषध. हा भेद पाणिनीच्या व्याकरणातही केलेला आहे. तात्पर्य, वनस्पतीचे औषध होण्यास जाणत्याचा हात लागावा लागतो.

मराठीने हा अर्थ नीट सांभाळला. एखादी वस्तू मुळीच नसली तर आपण ‘औषधालासुद्धा नाही’ असे म्हणतो. औषध थोडेच लागते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण औषधाची मर्यादा सांगते. मात्रा, अनुपान आणि पथ्य हे तर या शब्दाचे नित्याचे सोबती. बाळगुटी उगाळताना घरची वडील माणसे सहाणेवरचे वेढे मोजीत, ते उगीच नव्हे.

सौंसर-पांढुर्ण्याकडे मराठी आणि हिंदी एकाच अंगणात नांदतात. घरात औषध, बाजारात दवाई. ‘दवा’ हा शब्द मूळचा अरबी. तो फारसीतून आपल्याकडे आला. मराठी माणूसही ‘दवाखान्यात’ जाऊनच ‘औषध’ आणतो. यात वावगे काही नाही. वावगे होते ते शब्द सैल सुटला म्हणजे.

कपाशीवर आणि संत्र्याच्या बागेत आपण ‘औषध’ फवारतो. वास्तविक ते कीटकनाशक, म्हणजे विष. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्याला दिवसभर औषध म्हणतो, त्याच्यासाठी तोंडाला फडके बांधण्याची आठवण मनाला कशी राहावी?

दुसरी गोष्ट आपल्या अगदी उंबरठ्यावरची. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य शेकडा 48.6 आढळले, चालण्याजोगी मर्यादा शेकडा 0.1 आहे. आईबापांनी ते मायेने, विश्वासाने पाजले. दोष त्यांचा नव्हे. बाटलीवरचा शब्द खरा ठेवण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी ते केले नाही. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना केंद्र सरकारने काढली.

म्हणून प्रत्येक कुटुंबाला माझी तीन गोष्टींची विनंती आहे. फवारणीच्या द्रव्याला घरात विषच म्हणावे, आणि ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. लहान मुलांना वैद्य-डॉक्टरांना विचारल्यावाचून, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून काही पाजू नये. पाजल्यावर लघवी कमी झाली तर तडक इस्पितळ गाठावे. आणि औषधदान करणाऱ्या संस्थांनी बाटलीचे नाव, घटक, बॅच क्रमांक आणि मुदत यांची नोंद ठेवूनच ती पुढे द्यावी.

दान दिलेले अन्न आपण आधी निवडून, पाखडून घेतो. औषधाला तेवढी तरी निवड हवी.